थांब्यावरचे दोन उतारू

आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांच्या दोन गाढविणी डबल बेल मारल्याशिवाय जागच्या हलत नसत.

मी थट्टा करत नाही. त्यांच्या गोठ्यात छताखालून एक दोरी गेली होती आणि तिच्या टोकाला पितळी घंटी होती. जुन्या लाल गाड्यांमध्ये असायची, तश्शीच. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भाऊसाहेब दोरी दोनदा ओढत. टिंग टिंग. की दोघी कान उभे करून एकीमागे एक बाहेर पडत आणि पाण्याच्या हौदाकडे निघत. हौदापाशी भाऊसाहेब खिशातली दुसरी घंटी काढून एकदा वाजवत. टिंग. दोघी थांबत. मग पाणी. हातात चाऱ्याची पेंढी धरून कितीही गोंजारा, नाव घेऊन बोलवा, मागून ढकला, बेल नाही तर प्रवास नाही. माझ्या नवऱ्याने एकदा ढकलून बघितलं होतं. त्यानंतर दोन दिवस त्याने कंबर शेकली.

भाऊसाहेब तेहतीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते. सिन्नर, विंचूर, येवला, पुन्हा उलट. निवृत्त झाल्यावर माणसं वर्दी काढून ठेवतात, यांनी नाही काढली. खाकी शर्ट रोज अंगात. तिकिटं पंच करायचा जुना चिमटा खिशात, आणि विचारात पडले की तो हवेत वाजवायची सवय. टक, टक, टक. आपण काही महत्त्वाचं सांगत असलो आणि ते टकटक थांबलं, की समजायचं भाऊसाहेबांचा निर्णय झाला, आता बोलून उपयोग नाही.

आम्ही दोघं शाळेच्या नोकरीतून सुटण्याआधीच सिन्नरच्या अलीकडे वीस गुंठे घेऊन घर बांधलं, आणि मध्ये फक्त एक बांध ठेवून हा माणूस आमच्या नशिबी आला. पहिल्याच दिवशी मी बांधावर उभी राहून सामान उतरवणाऱ्यांना सूचना देत होते. पलीकडून आवाज आला, "मॅडम, दारात उभं राहू नका. पुढं सरका, पुढं जागा हाय." मी जन्मभर मुलांना सरळ रेषेत उभं केलेली बाई. मला कुणी असं सांगितलेलं नव्हतं. आणि मी सरकले, ही त्यातली खरी गोष्ट.

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं. कर्मचारी आणि उतारू. पाहुणा आला की उतारू आला. बारशाला गेले तर म्हणणार, "नवा उतारू चढला, चांगलं झालं." आणि गावात कुणी गेलं तर एवढंच, "उतरला बिचारा." त्यात कोरडेपणा नसायचा. उतारूची जबाबदारी आपल्यावर असते, असं ते फार गांभीर्याने मानायचे.

गाढविणी आल्या त्याही उतारू म्हणूनच.

आमच्या फाट्यावर पत्र्याची शेड असलेला एक थांबा आहे. पलीकडे वीटभट्ट्या. भट्टीवर आता विटा ट्रॅक्टरने वाहतात, त्यामुळे जुनी गाढवं लोक सोडून देतात. एका उन्हाळ्यात अशा दोघी त्या शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या. एक पांढुरकी, म्हातारी, पाठीवर जुन्या जखमांचे वण. दुसरी करड्या रंगाची, तरुण, म्हातारीच्या मानेवर मान टाकून उभी. दिवसभर हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तिथेच. भाऊसाहेब रोज दुपारी थांब्यावर जाऊन बसायचे, त्यांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन घरी आले.

"अहो, भाऊसाहेब, गाढवं?" मी म्हटलं.

"थांब्यावर उभे व्हते मॅडम. थांब्यावर उभा तो उतारू. सोडून कसं यायचं?"

म्हातारीचं नाव शेवंताबाई ठेवलं, तरुणीचं बकुळाबाई. दोघींना अहो-जाहो. गावच्या सरपंचाला ते अरे म्हणत, मला मॅडम आणि त्या दोघींना, "अहो शेवंताबाई, जरा पाय बघू द्या." खूर कापायची वेळ आली की हातात कानस घेऊन पाऊण तास त्यांची समजूत घालत बसत. कुणी विचारलं, यांचा उपयोग काय, तर त्यांना खरंच प्रश्न कळायचा नाही. "उतारूचा काय उपयोग असतो का? उतारू म्हंजे उतारू."

गाढव हा शब्द त्यांच्या शिवारात शिवी म्हणून चालत नसे. मला तर तो शब्द तोंडात बसलेला, चाळीस वर्षं वर्गात वापरलेला. एकदा नवऱ्याने पाण्याची मोटार चालू ठेवून टाकी ओसंडून घालवली आणि मी आमच्या अंगणातून ओरडले, "अहो, गाढव आहात का?" बांधापलीकडचं टकटक थांबलं. "मॅडम," भाऊसाहेब म्हणाले, "शेवंताबाईंनी कधी मोटार चालू ठेवली का?" मी जाऊन मोटार बंद केली. नवरा आठवडाभर खूश होता.

आणि कुल्फीवाल्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय भाऊसाहेब पुरे होत नाहीत.

एप्रिलमधली दुपार. भाऊसाहेब झोपलेले, गाढविणी बांधाच्या सावलीत. रस्त्याने सायकलवर कुल्फीवाला चालला होता. त्याने आमच्या फाटकापाशी घंटी वाजवली. टिंग टिंग. झालं. दोघी उठल्या, फाटक ढकललं आणि सायकलीमागे निघाल्या. तो बिचारा वेग वाढवे, या वेग वाढवत. त्याला वाटलं कुल्फीच्या वासाने येतायत, म्हणून त्याने घाबरून घंटी आणखी वाजवली. सिन्नरच्या वेशीपर्यंत ही वरात गेली. भाऊसाहेब स्कूटीवरून मागे पोचले तेव्हा कुल्फीवाला एका हॉटेलच्या ओट्यावर चढून बसला होता आणि खाली दोघी शांतपणे उभ्या होत्या, कारण सायकल थांबली होती खरी, पण आता पुढं काय, ते त्यांना कुणी सांगत नव्हतं.

भाऊसाहेबांनी त्या माणसालाच झापलं. "डबल मारली ना तू? मंग सिंगल कुणी मारायची? मी मारायची, घरी झोपून?" शेवटी त्याच्याकडून चार कुल्फ्या घेतल्या. दोन त्यांनी आणि कुल्फीवाल्याने खाल्ल्या. उरलेल्या दोन कुणी खाल्ल्या ते सांगायला नको.

हे सगळं मी हसत सांगते, पण भाऊसाहेब त्या घरात एकटे होते. मुलगी लग्न होऊन सुरतेला, वर्षातून एकदा यायची. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी लताबाई, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गाढविणी आल्या. वहिनींविषयी ते बोलत नसत. त्यांची तुळस मात्र जिवंत होती आणि स्वयंपाकघरातला एकही डबा जागचा हलला नव्हता.

शेवंता आणि बकुळा यांचं एकमेकींवाचून चालत नसे. शेवंता धुळीत लोळली की बकुळा लोळायची. शेवंता उभ्या-उभ्या डोळे मिटायची तेव्हा बकुळा तिच्या शेपटीकडे तोंड करून पहारा द्यायची. मागच्या दिवाळीनंतर शेवंताच्या खुरात पू झाला, म्हणून तिला पिकअपमध्ये घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे दोन दिवस ठेवलं. त्या दोन दिवसांत बकुळाने चाऱ्याला तोंड लावलं नाही. फाटकाला मान टेकून ओरडत राहिली. आम्हाला कुणाला झोप नाही. डॉक्टर भाऊसाहेबांना स्पष्ट म्हणाले, "हे जनावर उपास काढू शकत नाही. तीन-चार दिवस पोटात काही गेलं नाही, तर रक्तच बिघडतं, मग आम्हालाही वाचवता येत नाही. म्हातारीचं वय झालंय. ती जाईल तेव्हा हिच्याकडे लक्ष ठेवा."

तेव्हापासून भाऊसाहेबांच्या मनात तीच एक धास्ती. शेवंताचं जाणं त्यांनी स्वीकारलं होतं. बकुळाही तिच्यामागे गेली तर सकाळी सहा दहाला उठायचं कुणासाठी, हे त्यांनी मला एकदाच बोलून दाखवलं आणि लगेच विषय बदलला.

यंदा फेब्रुवारीत शेवंता बसली ती उठेना. सकाळी डॉक्टर आले, सलाईन लावलं. बकुळा सारखी मध्ये तोंड घालून नळी ओढत होती, म्हणून तिला कांद्याच्या चाळीमागे नेऊन बांधलं. डॉक्टरांनी एक औषध लिहून दिलं, ते सिन्नरलाच मिळणार होतं. भाऊसाहेब मला म्हणाले, "मॅडम, तासाभरात येतो. बसाल का इथं?"

बसले. शेवंताचं डोकं मांडीवर घेतलं. ते इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. अर्ध्या तासात तिने एक लांब श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. काही वाईट घडलं की मला ते भराभर आवरून टाकायचं असतं. वर्गात मूल पडलं, रक्त आलं, की बाकीच्यांना दिसायच्या आत पुसून मोकळी. मला वाटलं, भाऊसाहेब येऊन हे बघतील, त्यापेक्षा आधीच सगळं उरकलेलं बरं. शेजारच्या मळ्यात शेततळं खणायला जेसीबी आला होता. त्याच्या ड्रायव्हरला बोलावलं. तोही भला माणूस, लगेच आला. बांधाच्या कडेला, चिंचेखाली खड्डा झाला. बकुळाला चाळीमागेच राहू दिलं. तिला दिसू नये, ओरडू नये, म्हणून. वर तिच्यापुढे हिरवा मका टाकून आले. तिने हुंगलाही नाही.

जेसीबीने शेवंताला ताडपत्रीसकट बकेटमध्ये उचललं, तेवढ्यात स्कूटीचा आवाज आला.

भाऊसाहेब उतरले. हातात औषधाची पिशवी. त्यांनी बकेटकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. चालत गेले आणि खड्डा आणि जेसीबीच्या मध्ये उभे राहिले.

"खाली ठेव," ते ड्रायव्हरला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बकुळाबाई कुठं हायेत?"

"चाळीमागे. म्हटलं तिला दिसू नये..."

"दिसू नये?"

"वाईट वाटेल तिला. तुम्हालाही. म्हणून म्हटलं तुम्ही यायच्या आत—"

भाऊसाहेबांनी औषधाची पिशवी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "मॅडम, तुम्ही दर टायमाला लय काळजी घेता आमची."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. दर टायमाला म्हणजे कधी, हे मला कळलं.

कारण वहिनी गेल्या तेव्हाही मीच होते. शिक्षकांना कोविड सेंटरवर ड्युट्या लागल्या होत्या. भाऊसाहेब स्वतः पॉझिटिव्ह, घरात ताप घेऊन बंद. दवाखान्यातून फोन आला, ओळख पटवायला कुणीतरी या. मी गेले. सह्या केल्या, पुढचं सगळं बघितलं. भाऊसाहेब फोनवर म्हणत होते, "लांबून बघतो मॅडम. गाडीतूनच. खाली उतरत नाय. एकदा तोंड बघू द्या." मी म्हटलं, नको, नियम नाही, तुम्हालाही सोसायचं नाही, हसरा चेहरा लक्षात राहू द्या. त्यांनी आयुष्यभर नियम पाळला होता. त्यांनी माझं ऐकलं. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, की मी त्यांचं फार मोठं दुःख वाचवलं.

भाऊसाहेब चाळीमागे गेले आणि बकुळाला सोडून घेऊन आले.

ती आधी लांबच थांबली. मग एकेक पाऊल टाकत आली. शेवंताचं तोंड हुंगलं, कान हुंगले. नाकाने मानेला ढोसलं, ऊठ म्हणाल्यासारखं. पुन्हा ढोसलं. पुढच्या पायाने ताडपत्री ओढली. मग मान वर करून असं ओरडली, की जेसीबीच्या ड्रायव्हरने आपण होऊन इंजिन बंद केलं.

"दादा, मला दुसरीकडं जायचंय," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"जा तू. मंग ये. पण ह्यांचं होईस्तर माती पडायची नाय."

तो गेला नाही. डोक्याचा रुमाल सोडून चिंचेखाली बसला. भाऊसाहेब मातीत मांडी घालून बसले. मीही बसले, कारण उभं राहायची मला लाज वाटत होती.

"भट्टीवरच्या बाईनं सांगितलं व्हतं मला," भाऊसाहेब बकुळाकडे बघत म्हणाले. "ह्यांच्या जोडीतलं एक गेलं का दुसऱ्याला दाखवल्याबिगर पुरायचं नाय. पोटभर बघू द्यायचं. किती का टाइम लागंना. बघितलं का कळतं त्याला. नाय बघितलं, तर शोधत बसतं. खात नाय, पीत नाय, शोधतच बसतं."

मातीवरून हात फिरवत म्हणाले, "माणसाचं बी तसंच हाय. मी काय, जेवतो-खातो. पण दुपारची गाडी आली का अजून बघतो, खाली कोण उतरतं."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, चुकलं माझं." हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा बोललेय.

"नाय हो. तुम्ही चांगल्यासाठीच केलं." एवढंच म्हणाले, आणि ते मला जास्त लागलं.

सावली चिंचेच्या या अंगाहून त्या अंगाला गेली. बकुळा मधून मधून ओरडायची, मग ओरडणं थांबलं. बराच वेळ ती शेवंताच्या मानेवर मान ठेवून नुसती उभी होती. माझा नवरा पाणी घेऊन आला आणि आमच्याशेजारी बसला. कधीतरी दोन वाजून गेल्यावर बकुळाने अंग झाडलं. वळली. कुणी बेल मारली नव्हती. स्वतःच चालत हौदावर गेली, भरपूर पाणी प्यायली, आणि बांधावरच्या हरळीला तोंड लावलं. आम्ही चौघं तिचं ते खाणं बघत राहिलो. हरळी तुटल्याचा आवाज इथपर्यंत येत होता. भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "घे बाबा आता."

माती ओढून झाली. ड्रायव्हर गेला, माझा नवराही घरी गेला. मी भाऊसाहेबांच्या ओट्यावर चहा करून आणला. त्यांनी बशी खाली ठेवली. बकुळा अजून चरत होती.

"तुम्ही बघितलं व्हतं ना तिला," ते म्हणाले. "त्या दिवशी. ओळखायला गेल्या तवा."

"हो."

"कशी व्हती?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि मी एकदाही आपण होऊन सांगितलं नव्हतं. आताही माझ्या तोंडात आलं होतं, शांत झोपल्यासारख्या. मी ते गिळलं. जे पाहिलं तेच सांगितलं. हनुवटीपर्यंत पांढरं कापड होतं. डोळे मिटलेले. नाकावर मास्कचा वळ होता, दोन्ही बाजूंना. ओठ सुकलेले. कपाळावर केसांची बट आली होती. मी हातमोज्यानेच ती मागे सारली. ती परत आली. मी परत सारली.

भाऊसाहेबांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाच्या डाव्या बाजूला गेला.

"हितली?"

"हो. तिथलीच."

"कधी बसलीच नाय ती बट. पिना लावून दमायची." ते हसले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "दोनदा सारली तुम्ही?"

"दोनदा."

"बरं केलं." चहा गार झाला होता. तो त्यांनी तसाच पिऊन टाकला, कप उपडा ठेवला आणि माझ्याकडे नीट वळून बसले.

"परत सांगा," ते म्हणाले.

मी परत पहिल्यापासून सांगितलं.